पहिल्या धुण्यात टिकणारी भेट : मैत्रिणींसाठी शिवणकाम आणि क्रोशाचे काम कोणत्या क्रमाने करावे

आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात आम्ही काही मैत्रिणी दर संक्रांतीला चिठ्ठ्या टाकून एकमेकींसाठी हाताने वस्तू करतो. कुणी माठावरचा जाळीचा रुमाल करते, कुणी ताटावरचे झाकण, तर कुणी बाळाचे दुपटे शिवते. या वस्तू देण्याच्या दिवशी सुरेख दिसतात आणि पहिल्या धुण्यानंतर आकसतात, रंग सोडतात किंवा काठाने गुंडाळून बसतात. दरवर्षी पुन्हा तेच घडते आणि चूक बहुतेक वेळा हाताची नसून क्रमाची असते. आधी नमुना आवडतो, मग दोरा घेतला जातो, मग कापड, आणि ती वस्तू कुणाच्या घरी, कोणत्या पाण्यात, कशी धुतली जाणार याचा विचार शेवटी होतो किंवा होतच नाही. खाली हाच क्रम उलटा करून मांडला आहे. प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारावा, तो म्हणजे ही वस्तू तिच्या घरच्या पहिल्या धुण्यात टिकेल काय?

१. दिवस मागे मोजणे

संक्रांत १४ जानेवारीला, एखाद्या वर्षी १५ला येते, आणि वाण रथसप्तमीपर्यंत देता येते. म्हणून डिसेंबरमध्ये काम काढले तरी चालेल असे वाटते. पण आपल्याकडे नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत कपाशीची वेचणी चालते, आणि दिवसभर वेचून आलेल्या बोटांना कपाशीच्या बोंडांचे ओरखडे असताना बारीक सूत ओढवत नाही. ओरखडलेल्या बोटात दोरा अडकतो, ताण कमी-जास्त होतो आणि एकाच रुमालात सैल व घट्ट अशा दोन जणींचा हात दिसू लागतो.

म्हणून हातकामाचा खरा हंगाम पोळा झाल्यापासून सोयाबीनची सोंगणी लागेपर्यंतचा आहे. चिठ्ठ्या पोळ्याच्या आसपास टाकाव्यात. कापडाची तयारी त्याच आठवड्यात करावी, शिवण व क्रोशा सोंगणीआधी उरकावा आणि फक्त टोके लपवणे, धुणे व इस्त्री एवढेच दिवाळीनंतरसाठी ठेवावे. मशीनवर मोटर असेल तर लाइन केव्हा असते ते पाहूनच टिपेचे काम धरावे. पायाच्या मशीनला ही अडचण नाही, मात्र रात्रीच्या दिव्यात रंग निवडू नये. निळ्या-जांभळ्यातला आणि मोतिया-पांढऱ्यातला फरक दिव्याखाली कळत नाही.

२. चिठ्ठी आणि तिच्यामागचे चार प्रश्न

नुसत्या नावाची चिठ्ठी अपुरी असते. प्रत्येकीने स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीमागे चार उत्तरे लिहूनच ती डब्यात टाकावी.

पहिले, घरात कोणती वस्तू रोज वापरली जाईल. दुसरे, कपडे कोणत्या पाण्यात व कसे धुतले जातात, म्हणजे हाताने, दगडावर आपटून की मशीनमध्ये. तिसरे, कोणता रंग चालत नाही. चौथे, माप. माप लिहिताना "मध्यम माठ" असे लिहिण्याऐवजी माठाच्या तोंडाचा व्यास सेंटीमीटरमध्ये लिहावा, कारण मध्यम माठ प्रत्येक घरात वेगळा असतो.

खर्चाची मर्यादा त्याच दिवशी सर्वांसमोर ठरवावी आणि त्यात दोरा, कापड व मणी सगळे धरावे. ही गोष्ट बोलायला अवघड वाटते, पण न बोलल्यास एकीचा रेशमी झालरीचा रुमाल आणि दुसरीचा साधा हातपुसणा समोरासमोर येतात, आणि पुढच्या वर्षी ती दुसरी काही ना काही कारण सांगून येतच नाही. ज्यांना क्रोशा येत नाही त्यांना वगळू नये, जोडी लावावी. एकीने कापड धुऊन, कापून, काठ शिवून द्यावा आणि दुसरीने त्यावर किनार विणावी, म्हणजे दोघींच्या दोन भेटी दोघींच्या हातून पूर्ण होतात. एकाच घरातल्या सासू-सुनेची चिठ्ठी एकमेकींना निघाली तर ती परत टाकावी की नाही हे त्यांच्यावरच सोडावे. आम्ही एकदा आपणहून बदलली आणि दोघीही रागावल्या.

३. वस्तू निवडणे

चार उत्तरे हाती आल्यावरच वस्तू ठरवावी. दगडावर आपटून धुणाऱ्या घरी मोठ्या जाळीचे क्रोशाकाम देऊ नये, तिथे धावदोऱ्याची गोधडी किंवा अरुंद किनारीचा रुमाल टिकतो. माठावरच्या रुमालाला काठाने मणी लावल्यास तो वाऱ्याने उडत नाही, पण हे मणी लाकडाचे नसावेत, कारण लाकूड ओले राहून काळे पडते व सुतावर डाग धरते.

सावधान. बाळासाठी काही करायचे असल्यास नियम वेगळे आहेत. टोपड्याला गळ्याशी लांब बंद, सुटे मणी किंवा बटणे लावू नयेत. मणी निघून तोंडात जातो आणि बंद गळ्याभोवती आवळला जाऊ शकतो. मोठ्या भोकांच्या जाळीत बाळाची बोटे अडकतात, म्हणून दुपट्याला जाळीची किनार देऊ नये. आतल्या बाजूने सुटे दोरे ठेवू नयेत, ते बोटाभोवती गुंडाळले जातात. आपल्याकडच्या उन्हात ॲक्रिलिक लोकरीचे टोपडे तर टाळावेच, आणि सुती असले तरी घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ते ठेवू नये हे देताना सांगावे, कारण लहान बाळ अंगातली उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यातून बाहेर टाकते. मापासाठी एवढे लक्षात ठेवावे की नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर आणि तीन महिन्यांच्या बाळाचा ३८ ते ४० सेंटीमीटर असतो. बारशाला द्यायचे टोपडे नवजाताच्या मापाचे केले की ते महिनाभरही पुरत नाही.

४. कापड आणि दोऱ्याची तयारी

सर्वाधिक भेटी इथेच बिघडतात, म्हणून इथे घाई करू नये.

मांजरपाट, पॉपलीन किंवा मलमल यांपैकी जे घ्याल ते संपूर्ण सुती आहे का ते पाहावे. किनारीचा एक धागा ओढून काडीने जाळावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, तर पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही चाचणी ताटलीत, मुलांपासून दूर करावी. त्यानंतर कापडावर पेन्सिलने ५० सेंटीमीटरचा चौकोन आखावा आणि सगळे कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे, म्हणजे गिरणीची खळ निघून जाते. सकाळी साबणाने धुऊन, न पिळता, सावलीत वाळवून तो चौकोन पुन्हा मोजावा. ५० चे ४८ झाले तर कापड ४ टक्के आटले असे समजावे. पुन्हा एकदा धुऊन मोजल्यावर माप बदलले नाही तरच कापायला घ्यावे. आटलेल्या कापडाची किनार आखडलेली दिसल्यास ती कापून टाकावी, कारण विणीचा काठ व मधले कापड सारखे आटत नाहीत.

दोऱ्याचेही तसेच. एकाच रंगक्रमांकाच्या दोन लड्या रंगवण्याच्या वेगवेगळ्या घाण्यातून आल्या तर छटा बदलते, म्हणून वेष्टनावरचा लॉट क्रमांक जुळवून लागेल तेवढा दोरा एकदम घ्यावा आणि एक गुंडी जास्त घ्यावी. आठवडी बाजारात सुट्या गुंड्यांवर क्रमांक नसतो. तिथे सगळ्या गुंड्या एकाच पेटीतून काढून उन्हात शेजारी धरून पाहाव्यात.

पक्क्या रंगाची परीक्षा अशी करावी. गडद दोऱ्याचा वीतभर तुकडा गरम साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून, ओलाच पांढऱ्या चिंधीत गुंडाळून, वर जड वस्तू ठेवावी. चिंधी डागाळली तर तो दोरा पांढऱ्या कापडावर लावू नये. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे, परंतु बाजारातून आलेल्या, आधीच रंगवलेल्या दोऱ्याचा सुटा रंग त्याने कायमचा बसत नाही. मी स्वतः मिठावर विश्वास ठेवून लाल किनारीचे सहा हातरुमाल केले होते, ते सहाही पहिल्याच धुण्यात गुलाबी झाले.

सावधान, खारपाणपट्ट्यासाठी. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांच्या बऱ्याच गावांत भूजल खारट व जड आहे. त्यात वडीचा साबण फेसाळत नाही, उलट साबणाचा साका सुतात अडकून पांढरे कापड राखाडी व कडक होते. आपल्याकडे असे पाणी असेल तर तयारीचे धुणे पावडरने करावे आणि शेवटचे खंगाळणे पन्हाळीखाली धरलेल्या पावसाच्या किंवा नळयोजनेच्या गोड पाण्याने करावे. पोळ्यानंतर काम धरण्याचा हा आणखी एक फायदा आहे, तेव्हा पावसाचे पाणी हाताशी असते.

तपासणी. पुढे जाण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहिलेल्या असाव्यात. त्या म्हणजे कापड किती आटले, दोऱ्याने रंग सोडला की नाही, आणि लागणाऱ्या दोऱ्याच्या किती गुंड्या आहेत. यांपैकी एकही रिकामी असेल तर कात्रीला हात लावू नये.

५. हाताचा नमुना

ज्या दोऱ्याने व सुईने काम करायचे त्यानेच सुमारे १२ सेंटीमीटरचा चौकोन विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मग मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती खांब (सुईला दोरा एकदा गुंडाळून घेतलेले उंच टाके) व किती ओळी बसतात ते मोजावे. काठाजवळ मोजू नये, काठ नेहमी खोटे सांगतो. सुईचा क्रमांक कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून क्रमांकाऐवजी दांड्यावरचे मिलिमीटर पाहावेत. बारीक सुतासाठी १ ते १.७५ मिलिमीटरची पोलादी सुई आणि चार पदरी लोकरीसाठी साधारण ३ ते ४ मिलिमीटरची सुई योग्य ठरते. दुसरीने सांगितलेली संख्या तशीच उचलू नये. तिचा हात सैल व आपला घट्ट असेल तर तिच्या ३० सेंटीमीटरच्या झाकणाचे आपल्याकडे २६ सेंटीमीटर होतात.

६. कापणे आणि काठ शिवणे

कापड फाडून सरळ करण्यापेक्षा कापायच्या जागी एक आडवा धागा ओढून काढावा आणि पडलेल्या रेघेवर कात्री चालवावी. तिरके कापलेले चौकोनी रुमाल शिवताना सरळ दिसतात आणि धुतल्यावर पतंगासारखे होतात.

३० सेंटीमीटरचा तयार रुमाल हवा असल्यास चारही बाजूंनी दीड सेंटीमीटर माया (दुमडीसाठी जास्तीचे कापड) धरून ३३ सेंटीमीटरचा चौकोन कापावा. आधी अर्धा आणि मग एक सेंटीमीटर अशी दुहेरी दुमड घालून, कोपरे तिरके कापून जाडी कमी करून, टीप मारावी. मशीनला मलमलीसाठी ११ नंबरची आणि मांजरपाटासाठी १४ नंबरची सुई लावावी, टाका एका इंचात १० ते १२ असावा, आणि आधी त्याच कापडाच्या कातरणीवर टीप मारून पाहावी. खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचा ताण सैल करावा, वरचा दोरा खाली दिसत असेल तर घट्ट करावा.

दुपटे किंवा लहान गोधडी करत असाल तर थर जमिनीवर चटईवर पसरून मध्यापासून बाहेरच्या दिशेला कच्चे टाके घालावेत. एका कोपऱ्यातून सुरुवात केल्यास सगळी सुरकुती शेवटच्या कोपऱ्यात साठते आणि मग तो कोपरा कापावा लागतो. आत जुने लुगडे घालायचे असेल तर दोन्ही हातांनी दोन दिशांना ताणून पाहावे. जे लुगडे ताणताच करकरते ते धावदोऱ्यालाही फाटेल.

७. क्रोशाचे काम

गोल झाकण आणि चौकोनी रुमालाची किनार या दोन ठिकाणी सर्वाधिक चुका होतात.

गोल सपाट राहण्यासाठी प्रत्येक फेरीत किती खांब वाढवायचे याचे गणित आहे. एका खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. एक फेरी वाढली की वर्तुळाचा घेर त्या उंचीच्या सव्वासहा पटीने वाढतो, म्हणजेच सुमारे १२ खांबांनी. म्हणून पहिल्या फेरीत १२, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८ असे दर फेरीला १२ खांब वाढवावेत. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरायचा असतो, तो मोजायला विसरले की प्रत्येक फेरीत एकाची चूक साठत जाते. बुटका टाका, म्हणजे सुईला दोरा न गुंडाळता घेतलेला मुका खांब, वापरत असाल तर वाढ दर फेरीला ६ ची असते. वाढीच्या जागा प्रत्येक फेरीत एकावर एक आणू नयेत, नाहीतर गोल न होता षटकोन होतो.

माझे पहिले झाकण मी दर फेरीला ८ च्या वाढीने केले होते. शेजारच्या काकूंनी ते उचलून पाहिले आणि विचारले, "काय वं, हे ताटावर झाकाले केलं का डोक्यात घालाले?" प्रश्न रास्त होता. वाढ कमी पडली की वाटीसारखा खोलगटपणा येतो आणि जास्त झाली की झालर पडते. तुमचा खांब उंच पडत असेल तर १३ आणि बुटका पडत असेल तर ११ ची वाढ लागू शकते.

तपासणी. तिसऱ्या फेरीनंतर काम टेबलावर किंवा फरशीवर ठेवून तळहाताने दाबावे. ते आपणहून सपाट बसले तरच चौथी फेरी घ्यावी. "पुढे ताणून नीट होईल" असे मनाला समजावू नये. खोलगट वर्तुळ धुऊन, ताणून थोडे सुधारते आणि दुसऱ्या धुण्यात पुन्हा वाटी होते.

आता किनार. जाड सुई थेट कापडात खुपसल्यास धागे तुटतात व धुतल्यावर भोके मोठी होतात. बारीक पोलादी सुई नसेल तर दुमडीच्या कडेने आधी शिवणसुईने काज टाके घालावेत आणि क्रोशाची सुई त्या टाक्यांच्या फासांत चालवावी. टाके सारख्या अंतरावर यावेत म्हणून पेन्सिलने दर ५ मिलिमीटरवर ठिपका द्यावा, ३० सेंटीमीटरच्या बाजूला ६० टाके येतील. चारही बाजूंची संख्या सारखी असणे आवश्यक आहे, आणि त्या संख्येला नक्षीच्या एका कंगोऱ्यातल्या टाक्यांनी पूर्ण भाग जावा लागतो. पाच टाक्यांचा कंगोरा असेल तर ६० मध्ये बारा कंगोरे नेमके बसतात, सातचा असेल तर शेवटी चार टाके शिल्लक राहतात आणि ते कुठेतरी दडपावे लागतात.

कोपऱ्यावर एकाच भोकात तीन टाके, दोन साखळ्या आणि पुन्हा तीन टाके घ्यावेत. तेवढे घेतले नाहीत तर कोपरा आत वळतो. किनार लाटांसारखी उचलत असेल तर टाके जास्त झाले आहेत, आणि कापड चुण्या पडून आत ओढले जात असेल तर कमी. दोन्ही वेळी उसवून पुन्हा घ्यावे लागते. इस्त्रीने यातले काही दुरुस्त होत नाही.

८. टोके लपवणे

गाठ मारून तिच्याजवळून दोरा कापणे ही सवय घालवावी. सुती दोऱ्याची गाठ साबणाच्या पाण्यात निसटते. प्रत्येक टोक १० ते १२ सेंटीमीटर लांब ठेवावे, बोथट सुईत ओवून ते एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला असे तीनदा विणीच्या आतून फिरवावे आणि नंतर काम थोडे ताणून उरलेले कापावे. दोरा फेरीच्या मध्येच संपणार असे दिसल्यास नवा दोरा आधीची फेरी संपतानाच जोडून घ्यावा.

९. देण्याआधीचे धुणे

इथपर्यंत येऊन बहुतेक जणी थांबतात, आणि पहिले धुणे मैत्रिणीच्या घरी होते. ते आपल्याच घरी व्हावे. वस्तू पावडरच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून, न चोळता, गोड पाण्यात खंगाळून टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबावे. गादीवर पांढरी चादर घालून तीवर वस्तू सपाट पसरावी, मापाला ताणून, गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी कंगोऱ्यांचे टोक टोक टाचावे आणि सावलीत पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. लोखंडी टाचण्या वापरल्यास प्रत्येक टोकावर तांबूस ठिपका उरतो, तो निघत नाही.

इस्त्री उलट्या बाजूने, ओल्या फडक्यावरून करावी. ॲक्रिलिक लोकरीला गरम इस्त्री टेकवू नये, ती चपटी होऊन कायमची लुळी पडते. शोभेच्या गोल रुमालाला साबुदाण्याची पातळ खळ द्यायला हरकत नाही, पण माठावरच्या रुमालाला देऊ नये. त्यावर पाणी सांडले की खळ चिकट होते आणि मुंग्या येतात.

तपासणी. धुण्यानंतर माप चिठ्ठीवरच्या मापाशी जुळते काय, रंग उतरला काय, टोक कुठे बाहेर आले काय, हे उजेडात पाहावे. दोष सापडल्यास तो अजून आपल्या घरात आहे.

१०. देणे आणि नंतर

भेटीसोबत एक छोटी चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर कापड व दोरा कशाचे आहेत, कोणत्या पाण्यात धुवावे आणि इस्त्री चालते की नाही, एवढे तीन ओळींत लिहावे. वाण देताना सगळ्या भेटी एकदम उघडून शेजारी मांडण्याची पद्धत आम्ही बंद केली, कारण मग कामाची परीक्षा सुरू होते. ज्या-त्या घरी हळदीकुंकवाला जाऊन दिलेली भेट तिथेच वापरात येते.

चिठ्ठीबरोबर त्याच दोऱ्याचे दोन-तीन मीटर सूत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून द्यावे. वर्षाकाठी एखादा कंगोरा तुटतोच, आणि तेव्हा त्या छटेचा दोरा बाजारात मिळत नाही. तुटलेल्या जागी आधी सैल झालेल्या फासांत सुटा दोरा ओवून ते धरून ठेवावेत, म्हणजे वीण पुढे उसवत नाही. मग पुठ्ठ्यावरचे सूत घेऊन तुटक्या कंगोऱ्याच्या दोन टाके आधीपासून विणायला सुरुवात करावी आणि दोन टाके पुढे जाऊन थांबावे.